सोमभारतीबाबांचं निशाण

"पण बाबा, यंदा कुठला तुकडा बंद ठेवायचा, हे तुम्ही ठरवता कशावरून?"

सोमभारतीबाबा चुलीत काटक्या सारत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मनाला यील तसं."

"असं कसं? काहीतरी बघत असाल ना. गवताची उंची, मागचा पाऊस, माती…"

"माती बगतो की."

ऋजुताने घाईघाईने पेन उचललं. "काय बघता मातीत?"

"हाय का न्हाय ते."

पेन खाली आलं…

हा प्रश्न तिने बाबांना आधीही विचारला होता. एकदा बाबा म्हणाले, देवाला कौल लावतो. एकदा म्हणाले, कावळे कुठं बसतात ते बघतो. दोन्ही उत्तरं तिने नेकीने टिपून घेतली, आणि कावळ्यांवर तर बरेच दिवस काम केलं. कावळे मठामागच्या उकिरड्यावर बसत. त्यातून काही निघालं नाही.

मी कुसवडीच्या शाळेत मास्तर होतो. निवृत्त झालो तरी गाव सोडलं नाही, आणि दुपारनंतर मठात जाऊन बसायची सवय लागली. ऋजुता ढमढेरे माझ्याच घरी माडीवरच्या खोलीत राहायची, म्हणून तिच्याबरोबर मीही तिथं असायचो. जे पाहिलं ते सांगतो. अर्थ मला विचारू नका. मला तो अजून नीट लागलेला नाही.

कुसवडी माणदेशात आहे. पाऊस कमी, शेती त्याहून कमी. गाव जगतं ते गुरांवर आणि मेंढरांवर, आणि गुरं-मेंढरं जगतात ती मठाच्या कुरणावर.

कुरणाचे तीन भाग आहेत. वरचं पठार, मधली उतरण आणि खालचा ओढ्याकाठ. पावसाळा लागला, गवताला हिरवी लव आली, की यातला एक भाग बंद करायचा. तिथं दसऱ्यापर्यंत एकही जनावर सोडायचं नाही. मग तिथलं गवत वाढतं, बी धरतं, बी खाली पडतं आणि पुढच्या साली रान पुन्हा भरून येतं. बंद भागात मठाचं भगवं निशाण रोवायचं. निशाण दिसलं की माणूस जनावर वळवतो. कुंपण नाही, राखणदार नाही, दंड नाही.

शेजारच्या गावांची कुरणं उघडीबोडकी झाली. आमचं टिकलं. का टिकलं, हाच ऋजुताच्या पीएचडीचा विषय. शाश्वत जमीनवापर.

मुलगी हुशार होती, यात वाद नाही. गवताची काडी हातात घेतली की नाव सांगायची. लोखंडी चौकट जमिनीवर टाकायची आणि चौकटीतलं गवत उकिडवं बसून मोजायची. लोकांना त्या चौकटीचं हसू यायचं, पण तिने काढलेलं खोटं नव्हतं. उपग्रहाची जुनी चित्रं मिळवून तिने दाखवून दिलं होतं, की दर साली जो भाग जास्त दमलेला असतो, नेमका तोच कुसवडीत बंद राहतो.

आणि हे ठरवतं कोण? गावात ज्याला विचारावं तो एकच सांगे. "बाबा."

म्हणून तिने प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणाला नाव दिलं होतं, "मठाधिपतींचा निर्णयनियम." नाव झकास होतं. फक्त नियम सापडत नव्हता.

इकडे विद्यापीठाने दिलेली मुदतवाढ शेवटची होती. गणपतीपर्यंत प्रबंध गेला नाही तर नाव रद्द. पुण्याहून तिच्या सरांचा फोन यायचा. ते म्हणायचे, नियमाशिवाय चौथं प्रकरण म्हणजे नुसती गोष्ट, परीक्षक ते तोंडावर फेकतील. चांगली नोकरी सोडून ती या कामाला लागली होती. घरचे आता फोनवर "झालं का?" एवढंच विचारत. पोरगी रडकुंडीला आली होती, आणि तितकीच ताठही होती.

एक गोष्ट सांगायची राहिली. आजवर ती दर साली दसऱ्याच्या थोडं आधी यायची, गवत तयार झाल्यावर. बंद भागात निशाण उभं असलेलं तिने पाहिलं होतं. ते रोवताना कधी पाहिलं नव्हतं. पावसाळ्याच्या तोंडाला ती यंदाच प्रथम आली.

तर, पेन खाली आलं. चूल धुपत होती.

"बाबा," ती म्हणाली, "माझी पाच वर्षं यात गेली. मला चेष्टा नको. खरं सांगा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटलं असावं. निदान मला तसं वाटलं.

"खरं सांगू? मला न्हाय कळत गं गवतातलं काय."

यात खोटं काही नव्हतं. बाबा मूळचे कुठले ते कुणालाच ठाऊक नाही, पण शेताभातातले नव्हेत. एकदा त्यांनी गवत समजून चंद्राकाकूच्या कोवळ्या बाजरीचा वाफा उपटला आणि मठाच्या गाईला घातला. चंद्राकाकू अजून ते काढते.

"तुला कळतंय?" बाबांनी विचारलं.

"हो." तिने क्षणाचाही वेळ घेतला नाही.

"कुठला तुकडा ठिवावा यंदा?"

"वरचं पठार. तिथलं पवन्या गवत निम्म्यावर आलंय. यंदा पठार मोकळं सोडलं तर पुढच्या साली तिथे नुसती कुसळं उरतील."

"पक्कं?"

"पक्कं."

बाबा उठले. आत गेले. कोनाड्यातली भगवी गुंडाळी आणि कोपऱ्यातला बांबू घेऊन बाहेर आले, आणि दोन्ही तिच्या मांडीवर ठेवलं.

"मग यंदा तूच लाव."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं. बाबा पुन्हा चुलीकडे वळले होते.

मठात निशाणाच्या दिवशी मोठं पातेलं चढतं. गुळाचा चहा. सगळं गाव अंगणात बसतं, निदान ज्याच्या दावणीला काही आहे तो तरी येतोच. ऋजुताने रंगीत नकाशा आणला होता. तो तिने अंगणात पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले, आणि समजावून सांगितलं. लाल म्हणजे दमलेलं रान. हिरवं म्हणजे धडधाकट. पठार लाल होतं.

फार छान सांगितलं तिने. मी जन्मभर शिकवलं, मला शिकवण्यातलं कळतं.

लोक वाकून बघत होते. बिरा कोळेकर गावातला सर्वांत मोठा मेंढरंवाला. त्याने नकाशाभोवती एक चक्कर मारली.

"आमचं घर कुटं हाय ह्याच्यात?"

तिने दाखवलं. बिराला बरं वाटलं.

"मग, पटतंय ना सगळ्यांना?" तिने विचारलं.

"बराबर हाय म्याडमचं," बिरा म्हणाला.

"कागदावरच हाय म्हटल्यावर," चंद्राकाकू म्हणाली. तिच्या चार म्हशी. ती सहसा कशालाच बरोबर म्हणत नाही.

चहा झाला. लोक उठले. ऋजुता पठारावर गेली, तिने आपल्या हाताने निशाण रोवलं आणि तिथे उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला. फोटो मीच काढला. चेहऱ्यावर इतका आनंद होता की मलाही बरं वाटलं.

आम्ही खाली आलो तर बाबा पातेल्यात डोकावून बघत होते. अर्धं पातेलं चहा उरला होता.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"झालं!"

"एवढ्या बिगीनं?"

"पटलं ना त्यांना, बाबा."

उरलेला चहा बाबांनी गाईच्या घमेल्यात ओतला. गाईने तो हुंगला आणि तोंड फिरवलं.

आठवडा गेला नसेल. ऋजुता चौकट घेऊन पठारावर गेली, तर निशाणाला पाठ घासत चंद्राकाकूची म्हैस उभी.

ती धावत काकूच्या दारात. मी मागोमाग.

"काकू, तुमची म्हैस पठारावर चरतेय!"

"आगं बया." काकू भाकरी थापत होती. ती काही उठली नाही. "हाकलायची मग."

"अहो, पण पठार बंद आहे ना? तुम्हीच म्हणालात बरोबर आहे म्हणून."

"मग न्हाय कोन म्हंतंय? बराबरच हाय. निशान तुमी लावलंय, तर तुमी राखा की."

बिराची मेंढरं उतरणीवरून पठारावर चढली, तेव्हा बिराही असंच म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, उलट कौतुकच होतं. "म्याडम, तुमचं त्ये लाल-हिरवं एकदम फस क्लास. पन मेंढराला कागुद दिसत न्हाय."

मग ऋजुता स्वतः राखणीला बसली. डोक्याला ओढणी गुंडाळून, हातात काठी घेऊन. एका बाजूची गुरं हाकलावीत तर दुसऱ्या बाजूने मेंढरं शिरत. म्हशी तर तिच्या काठीला मुळीच भीक घालत नसत. सरांचा फोन आला की ती काठी काखेत धरून "हो सर, नियम जवळजवळ मिळालाय सर" म्हणायची, आणि मध्येच "हाड! हाड!" करायची. सरांना काय वाटत असेल कोण जाणे.

एक दिवस ती भर दुपारी परतली, माझ्या ओसरीवर बसली आणि ढसाढसा रडली.

"गुरुजी, माझं चुकलं कुठं?"

"पठार बंद करायला हवं होतं ना?"

"होतं. अजूनही हवंय. पुन्हा मोजलं मी."

"मग चुकलं नाही."

"मग होत का नाहीये?"

तिला घेऊन मी मठात गेलो.

बाबा अंगणात बसून गाईच्या कानातल्या गोचिडी काढत होते. तिने त्यांच्यासमोर काठी टाकली.

"बाबा, मी बरोबर जागी निशाण लावलं. सगळ्यांना पटवून लावलं. तरी कोणी पाळत नाही. तुमचं निशाण मात्र कोणी मोडत नाही. हे असं का?"

बाबांनी एक गोचीड काढून दगडाखाली चिरडली. आणखी एक काढली. मग धोतराला हात पुसले आणि उठले.

ते पठाराच्या वाटेला लागले. आम्ही मागे. वर पोहोचल्यावर त्यांनी निशाण धरलं, दोनदा हलवलं आणि उपटलं.

"बाबा!"

ते उतरण उतरले. थेट खाली ओढ्याकाठी आले. जिथं गावची झाडून सगळी गुरं पाण्याला उतरतात, बरोबर त्या उताराच्या तोंडाशी त्यांनी बांबू टेकवला आणि दगडाने ठोकू लागले.

ऋजुता आडवी धावली. "बाबा, इथे? अहो, इथे पाणी आहे! ही जागा बंद केली तर गुरं प्यायला कुठे जातील? आणि इथलं गवत चांगलं आहे, मी मोजलंय. हे चूक आहे, बाबा!"

"व्हय?" बाबा म्हणाले, आणि ठोकत राहिले.

मग ते मठात परतले. मोठं पातेलं काढलं. त्यात काठोकाठ पाणी भरलं आणि गूळ घातला.

पाण्याला उकळी फुटायच्या आत बिरा आला. धापा टाकत होता.

"बाबा, डोस्कं ठिकानावर हाय का? वड्याला निशान? माजी मेंढरं काय तुमच्या कमंडलूत पानी पितील?"

"बस," बाबा म्हणाले.

"बसायला येळ न्हाय मला!" म्हणत बिरा बसला.

पाठोपाठ चंद्राकाकू आली. तिने बाबांना बोलायला बाजरीच्या वाफ्यापासून सुरुवात केली. हळूहळू अंगण भरलं. निशाणाच्या दिवशी आली होती त्याहून जास्त माणसं होती. ज्यांच्या दावणीला कोंबडीसुद्धा नव्हती, तेही आले.

"ज्याला बाजरी वळकत न्हाय, त्यानं कुरन राखायचं!" काकू म्हणाली.

"मग तू सांग कुटं लावू," बाबा म्हणाले.

"उतरनीला लावा."

"उतरनीला?" बिरा उभा राहिला. "म्हंजी माजी मेंढरं जायाची कुटनं? तुजा डाव कळतोय मला, काकू. गेल्या सालापास्नं तुला माजी मेंढरं खुपत्यात."

"तुजी मेंढरं मुळासगट खात्यात!"

"आन् तुज्या म्हशी काय जप करत्यात व्हय?"

मग जे सुरू झालं त्याला तोंड नाही की शेपूट नाही. कुणाच्या बैलाने कुणाचा कडबा खाल्ला, कुणाच्या लग्नात कुणाला मान मिळाला नाही, सगळं निघालं. मधूनच गवताचंही निघे. कुणी म्हणे पठार दमलंय, तिथं कुसळ फार झालं. कुणी म्हणे मग उतरणीचं काय? बाबा मध्ये बसून ज्याला त्याला चहा देत होते. ऋजुता मठाच्या पायरीवर पेन धरून बसली होती, आणि एक अक्षर लिहीत नव्हती.

मध्येच तिने माझा हात धरला. "गुरुजी, हे दर वर्षी असं होतं?"

"होतं."

"मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

"घरातलं भांडण पाहुण्याला कोण सांगतं?"

"पण सगळे म्हणाले, बाबा निशाण लावतात!"

"लावतातच की."

"आणि ते तिथेच राहतं?"

मी आठवून पाहिलं. इतक्या सालांत बाबांनी रोवलं तिथंच निशाण टिकलंय, असं एकही साल मला आठवेना. मी तसं सांगितलं.

उन्हं कलली. लोकांचे घसे बसले. दुसरं पातेलं चढलं. शेवटी कशाने ते मिटलं, हे तिथं बसूनही मला सांगता येणार नाही. एवढं खरं की बिरा एकदम म्हणाला, "मग पठारच ठिवा बंद, आनी मिटवा एकदाचं." चंद्राकाकू म्हणाली, माझी रेडी आजारी आहे, तेवढी कडेकडेनं चरू द्या. बिरा म्हणाला, तेवढी चरू दे, पण म्हशी दिसल्या तर मी बांधून ठेवीन. काकू म्हणाली, तुझी मेंढरं घळीतून ने, पठारावरून नेलीस तर बघ. मग बिरा गेला, ओढ्यावरचं निशाण उपटलं, खांद्यावर टाकून वर चढला आणि पठारावर रोवलं. नेमकं ऋजुताने रोवलं होतं त्याच खळग्यात. खळगा तयारच होता.

त्यानंतर पठारावर जनावर दिसलं नाही. एकदा बिराच्या साडूची चार मेंढरं शिरली, तर स्वतः बिराने दगड मारून ती पिटाळली. साडू रुसून जेवायला आला नाही.

ऋजुताला मात्र झोप लागेना. माडीवर तिच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या. तिने बिराला गाठून विचारलं, "बिरादादा, पठार बंद करायचं, हे शेवटी कोणी ठरवलं?"

"बाबांनी," बिरा म्हणाला.

"अहो, बाबांनी ओढा सांगितला होता! पठार तुम्ही सांगितलंत! निशाण तुम्ही रोवलंत!"

बिरा विचारात पडला. "आमी आपलं बोललो. ठरवनार आमी कोन? ठरवत्यात बाबाच."

चंद्राकाकूही तेच म्हणाली. वर, बाबांना गवतातलं काही कळत नाही, हेही पुन्हा म्हणाली. दोन्ही एकाच दमात, आणि तिला त्यात वावगं काही वाटलं नाही.

प्रबंध द्यायला थोडेच दिवस उरले होते. तिने गाठोडं बांधलं, चौकट पोत्यात भरली, आणि जाण्याआधी मठात आली. बाबा चुलीशीच होते. ती समोर बसली. या वेळी हातात पेन नव्हतं.

"बाबा, एकच विचारते. तुम्ही दर वर्षी मुद्दाम चुकीच्या जागी लावता का?"

"मला बरूबर वाटंल तितं लावतो."

"ओढ्याकाठ तुम्हाला बरोबर वाटला?"

"सावली हाय तितं."

तिने डोळे मिटले आणि उघडले. बाबा चेष्टा करत होते का? मी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहत होतो. इतकी वर्षं पाहतोय. हा माणूस फार मोठा आहे की अगदीच साधा आहे, हे मला त्या तोंडावरून कधी कळलेलं नाही.

"बरं," ती म्हणाली. "मग इतक्या वर्षांत कधीतरी चुकून बरोबर जागी लागलं असेल ना?"

बाबांनी फुंकणी खाली ठेवली. बराच वेळ आठवत राहिले.

"लागलं हुतं. एकदा."

"मग?"

"लई वाईट साल ग्येलं त्ये."

…

चुलीतलं लाकूड फुटलं.

"बाबा, मी काय करू? नियम तुमचा आहे म्हणून लिहावं, तर तुमचं एकही निशाण जागेवर राहिलेलं नाही. गावाचा आहे म्हणून लिहावं, तर गाव म्हणतं बाबांचा. माझा म्हणावं, तर मी बरोबर होते आणि माझ्याच डोळ्यांसमोर रान चरलं गेलं. सर मला विचारणार, परीक्षक विचारणार. माझ्याकडे सगळे आकडे बरोबर आहेत, आणि एक ओळ लिहिता येत नाही. पाच वर्षं गेली, बाबा. मी चौथ्या प्रकरणात काय लिहू?"

बाबांनी तिच्यापुढे चहाची वाटी सरकवली. ती तशीच राहिली. वाफ निघून गेली…

मी उठायला गुडघ्यावर हात ठेवला.

"चुकीचं लिही," बाबा म्हणाले. "आन् हितं यिऊन, सगळ्यांत बसून वाच."